यूज की इंटेन्शन?

सरांनी माझ्या डिझर्टेशनच्या तिसऱ्या प्रकरणाच्या समासात एवढंच लिहिलंय, ‘यूज की इंटेन्शन?’ बाकी पानांवर नुसत्या टिकमार्कच्या खुणा. हा प्रश्न मात्र सकाळपासून डोक्यातून जात नाही.

डिझर्टेशनच्या शीर्षकात आहे शॉपिंग अ‍ॅपचा वापर. आणि प्रश्नावलीत? ‘पुढच्या तीन महिन्यांत मी हे अ‍ॅप वापरेन’, १ ते ७ पैकी एकावर खूण करा. म्हणजे मोजला तो इरादा. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे दाखवणारी मॉडेल्स बघा, डेव्हिसचं १९८९चं टॅम घ्या, नाहीतर २००३चं यूटॉट. आकृतीत इंटेन्शन आणि प्रत्यक्ष वापर हे दोन वेगळे चौकोन आहेत, मधे बाण आहे. तो बाण मीच ओढला आणि त्याच्या टोकाच्या चौकोनासाठी एकही प्रश्न ठेवला नाही. बरोबरचे दोघं सबमिट करून मोकळे झाले. असो.

वापर मोजायचा तर अ‍ॅपचा लॉग हवा. कोणी कितीदा उघडलं, कार्टमधे काय टाकलं, पैसे भरले की तिथूनच परतले. तो मिळाला तरी उत्तरांशी जोडणार कसा? त्याला मोबाइल नंबर किंवा ऑर्डर आयडी लागतो, आणि संमतीपत्रात पहिलंच वाक्य आहे की ओळख विचारणार नाही. ‘गेल्या महिन्यात कितीदा खरेदी केलीत?’ एवढं तरी विचारायचं होतं. आठवणीवरचं उत्तर कच्चंच असतं, पण निदान झालेल्या गोष्टीबद्दल असतं.

परवा ट्रस्टच्या, म्हणजे अ‍ॅपवरच्या विश्वासाच्या विधानांचा क्रोनबाख अल्फा (ती एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७ या नेहमीच्या किमान पातळीच्या बराच खाली आला, तेव्हा इतकं लागलं नव्हतं. चौथं विधान उलटं होतं, ‘इथे पैसे भरताना धास्ती वाटते’, आणि रिव्हर्स कोडिंग, म्हणजे त्याच्या उत्तरांचे आकडे उलटे करणं, राहून गेलं होतं. सातची पट्टी, म्हणून ८मधून उत्तर वजा केलं, अल्फा वर आला. त्या चुकीला औषध होतं. हिला? सगळे अल्फा छान आहेत, पण अल्फा फक्त विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच सांगतो. भलतंच काही मोजत असली तरी ती जुळतातच.

शेवटी शीर्षकच बदलतेय. गृहीतकांतलं ‘परिणाम होतो’सुद्धा ‘संबंध आढळतो’ करायचं. एकदाच घेतलेल्या सर्व्हेला त्यापुढे बोलायचा हक्क नाही. मर्यादांमधे एक परिच्छेद वाढेल.

मोठ्या उत्साहात फाइलभर ‘यूज’च्या जागी ‘इंटेन्शन टू यूज’ टाकलं, रिप्लेस ऑल. पूर्ण शब्दच शोधायची खूण करायची राहिली. यूजरचा झाला इंटेन्शन टू यूजर. इंग्रजी ‘बिकॉज’च्या आणि ‘वेअरहाउस’च्या शेपटीला हीच तीन अक्षरं असतात, हा शोध तेव्हा लागला. जिथे आधीच बरोबर होतं, तिथे इराद्याचाही इरादा झाला.

अनडू केलं. आता एकेक जागा बघून. ४३वर आलेय.