वर्तणूक : चांगली

२७ एप्रिल, कळवा

प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा घरी आणलाय. गुण भरून झाले. आठवीला आकारिकचे (वर्षभराच्या रोजच्या कामाचे) ४०, संकलितचे (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) ६०. ते काम पंखा चालू असला की होतं. घोडं अडतं वर्णनात्मक नोंदींपाशी. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक पोराचे तीन रकाने.

२०१० पासून या नोंदी आल्या आणि मागोमाग तयार नोंदींच्या याद्याही आल्या. दर एप्रिलला शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांची पीडीएफ फिरते. 'सर्व उपक्रमांत उत्साहाने सहभागी होतो.' 'इतरांशी नम्रपणे वागतो.' होतोचं होते केलं की मुलींचंही काम झालं. याद्या वापरणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. वर्गात खच्चून पोरं, वर निवडणुकीची ड्युटी; शिक्षक बिचारा दुसरं काय करणार?

शाळेतून बाहेर पडणारं मूल कसं असावं, याला कागदावर कधीच तोटा नव्हता. डी.एड.ला असताना १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातले दहा गाभाघटक, म्हणजे सगळीकडच्या अभ्यासक्रमात असायलाच हवेत असे घटक, घोकले. मूल्यशिक्षणात पुन्हा दहा मूल्यं : श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा वगैरे. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनकौशल्यं, तीही मोजून दहाच. दहाचं काय वेड आहे देव जाणे. आता २०२०च्या धोरणाला समग्र प्रगतिपत्रक हवंय, ज्यात मूल स्वतःचं आणि वर्गमित्रांचंही मूल्यमापन करील. यातलं काहीच चुकीचं नाही. पण यादी समोर ठेवून पोराकडे बघितलं की यादीच दिसते.

आमची पोरं ठाण्यातल्या किसननगर, हाजुरीकडची. त्यातला एक गणितात शेकडेवारी आली की आडवा होतो. पण खिचडी वाढायला त्यालाच उभं करावं लागतं. डबा उघडला की आधी रांग शेवटपर्यंत बघणार, मग डाव किती भरायचा ते ठरवणार. मध्येच दुसरा वर्ग येऊन रांग लांबली, तर डाव हळूच उथळ होतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. एखादा दांडगा 'अजून टाक ना' म्हणत ताट पुढे करतो. हा म्हणतो, "थांब, सगळ्यांचं होऊ दे." आणि उरलं तर खरंच त्याला हाक मारतो. स्वतः शेवटी जेवतो. शेकडेवारी अडते ती वहीत, डब्यापाशी नाही.

दुसरी पहिल्या बाकावरची. बोरीबंदर-ठाणे गाडीचं सांगत होते, १६ एप्रिल १८५३, आपल्याच ठाण्याला आली म्हणून जरा रंगात येऊन. तिचा हात वर. "बाई, रूळ ज्यांनी टाकले त्यांची नावं का नाहीत पुस्तकात?" ही मुलगी स्टाफरूममध्ये 'उलट बोलते' म्हणून प्रसिद्ध आहे. धोरणाला चिकित्सक विचार पाहिजे. आम्हाला पोरगी गप्प बसलेली बरी वाटते.

परवा सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या : शेजारच्याबद्दल एक खरी गोष्ट लिहा. बऱ्याच जणांनी 'तो हुशार आहे' लिहून सुटका करून घेतली. पण एकीत होतं, 'पेन देतो आणि परत मागत नाही.' दुसरीत, 'माझी आई दवाखान्यात होती ते हिला माहीत होतं, हिने कोणाला सांगितलं नाही.' हे फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाईला कुठून दिसणार? एवढ्यापुरतं ते २०२०चं धोरण मला पटलं.

आमची शाळा आठवीपर्यंतच, त्यामुळे या पोरांचे दाखलेही निघतील. त्यात 'वर्तणूक' असा बोटभर रकाना असतो आणि अख्ख्या नोकरीत मी तिथे 'चांगली'शिवाय काही वाचलेलं नाही. ते योग्यच आहे म्हणा. दुसरं काही लिहिलं तर पुढच्या शाळेत पोराचं अडायचं.

प्रगतिपुस्तकात मात्र दोन ओळींची जागा आहे. खिचडीवाल्याच्या विशेष प्रगतीत लिहिलं : 'रांग बघून वाढतो. शेवटच्याला कमी पडू देत नाही.' मोठ्या बाई विचारतील, ही कुठल्या विषयातली प्रगती? विचारू देत. उलट बोलणारीच्या 'सुधारणा आवश्यक'पाशी बराच वेळ बसले. यादीत 'शिस्तीचे पालन करावे' तयारच असणार. मी आडवी रेघ मारली आणि पुढचं पुस्तक ओढलं.