कीटो आहारात कॅलरींचा हिशेब: माझा अनुभव

कीटो आहार, म्हणजे अगदी कमी कर्बोदकांचा आणि भरपूर स्निग्धांशाचा आहार, घेताना कॅलरी मोजायच्या की नाहीत, या प्रश्नावर मला भेटलेल्या माणसांचे सरळ दोन तट होते. एका तटाचे म्हणणे असे, की कर्बोदके दिवसाला वीस-तीस ग्रॅमच्या आत ठेवली की भूक आपोआप आवरते आणि मग तुपाचा चमचा मोजत बसण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या तटाच्या मते कर्बोदके कितीही कमी केली तरी खर्चापेक्षा जास्त खाल्ले तर वजन उतरणार नाही, म्हणून हिशेब हवाच. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. पण कोणती बाजू आपल्याला कधी लागू होते, हे आपली प्रथिने कोणत्या पदार्थांतून येतात यावर बरेचसे ठरते, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, ते लिहिते.

माझे वय ४८, उंची १५८ सेंटिमीटर आणि सुरुवातीचे वजन ७२ किलो होते. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, औषध मात्र कोणतेच चालू नव्हते, त्यामुळे डॉक्टरांनी संमती दिली. ज्यांना इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा आहार डॉक्टरांना न विचारता मुळीच सुरू करू नये: काही गोळ्यांनी साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या औषधांबरोबर तर साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात धोकादायक प्रमाणात आम्ल साठणे) होण्याचा धोका असतो. मला आहारतज्ज्ञांनी दोनच मर्यादा घालून दिल्या. तंतू वजा जाता कर्बोदके ३० ग्रॅमच्या आत आणि प्रथिने निदान ७५ ग्रॅम. कॅलरींबद्दल त्या तेव्हा काहीच बोलल्या नाहीत.

आमचे घर मूळचे मालवणकडचे असल्याने सुरुवात सोपी गेली. भात आणि भाकरी सोडली, पण ताटात सुरमई, बांगडा, पापलेट, अंडी, पालेभाजी आणि सोलकढी राहिलीच. पहिल्या आठवड्यात काट्यावर जी मोठी घट दिसते ती बहुतांशी पाण्याची असते. शरीरात साठवलेल्या कर्बोदकाच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवलेले असते आणि ग्लायकोजेन संपू लागले की ते पाणीही बाहेर पडते. त्याबरोबर मीठही जाते, म्हणून त्या दिवसांत डोके दुखते आणि गळून गेल्यासारखे वाटते. त्यानंतरची घट मात्र संथ आणि खरी होती. दुपारी चारच्या चहाबरोबर काहीतरी हवेच, ही अनेक वर्षांची सवय कोणत्याही निग्रहाशिवाय सुटली. या काळात मी एकही कॅलरी मोजली नाही आणि वजन ६७ किलोपर्यंत आले.

न मोजता वजन उतरते याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर वर्षभर चाललेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी स्निग्धांशाचा आणि कमी कर्बोदकांचा असे दोन गट होते आणि कोणालाही कॅलरींची मर्यादा सांगितलेली नव्हती. तरीही पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो वजन उतरले, कारण दोन्ही गटांतली माणसे आपणहून कमी खाऊ लागली होती. पण याची दुसरी बाजूही पाहायला हवी. केविन हॉल यांच्या चमूने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना दोन-दोन आठवडे दोन्ही प्रकारचा आहार हवा तेवढा खाऊ दिला, तेव्हा वनस्पतिजन्य कमी-स्निग्ध आहारावर त्याच माणसांनी प्राणिजन्य कीटो आहारापेक्षा रोज सरासरी जवळजवळ ७०० कॅलरी कमी खाल्ल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान आणि अल्पकाळचा होता, हे खरे. तरी कीटोमध्ये भूक हाच पुरेसा पहारेकरी आहे, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी तो विचारात घ्यायला हवा.

माझ्या बाबतीत हा पहारा ढिला पडला तो श्रावणात. सासूबाईंच्या शब्दाला मान देऊन आमच्या घरी श्रावण लागल्यापासून गणपती जाईपर्यंत मासे, मटण, अंडी काहीच शिजत नाही. इतरांच्या ताटात उसळी, वरण-भात येतो. कीटोवर असलेल्या माणसाला डाळी आणि कडधान्ये कर्बोदकांमुळे वर्ज्य, म्हणून माझ्या ताटात पनीर, चीज, बदाम, शेंगदाणे आणि ओले खोबरे आले. कर्बोदकांची मर्यादा मी पाळतच होते आणि भूकही वाढलेली नव्हती, तरी वजन जागचे हलेना. इथे आहारतज्ज्ञांनी पहिल्यांदा सांगितले, की आता काही आठवडे सगळे मोजून लिहा.

कारण कागदावर मांडल्याबरोबर दिसण्यासारखे होते. शंभर ग्रॅम सुरमईत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि कॅलरी साधारण शंभर-सव्वाशे. तेवढीच प्रथिने पनीरमधून घ्यायची तर २६० ते ३०० कॅलरी पोटात जातात आणि बदामांतून घ्यायची तर साडेपाचशेच्या वर. माशातले प्रथिन जवळजवळ एकटेच येते, तर पनीर आणि सुक्या मेव्यातले प्रथिन स्वतःबरोबर भरपूर स्निग्धांश घेऊन येते. एक ग्रॅम प्रथिन किंवा कर्बोदक चार कॅलरी देते आणि एक ग्रॅम स्निग्धांश नऊ, त्यामुळे प्रथिनांचा आकडा तोच ठेवूनही माझ्या दिवसाची बेरीज शेकड्यांनी बदलली होती. शाकाहारी कीटो पाळणाऱ्या मंडळींना मांसाहारी लोकांचे ‘मोजायची गरज नाही’ हे मत जसेच्या तसे लावता येत नाही, ते यामुळेच.

मोजायचे ठरवल्यावर खरी अडचण आकडेमोडीची नव्हती, एकत्र स्वयंपाकाची होती. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘भेंडीची भाजी, एक वाटी’ अशी नोंद मिळते, पण त्या वाटीत कोणाच्या हातचे किती तेल आहे हे तिला ठाऊक नसते. म्हणून मी ताटाऐवजी कढईकडे मोर्चा वळवला. डिजिटल काट्यावर आमची तेलाची पळी ठेवून पाहिली, तर ती भरून १८ ग्रॅम तेल येत होते, म्हणजे एका पळीला सुमारे १६० कॅलरी; आणि फोडणीला दोन पळ्या हा आमच्याकडचा शिरस्ता. रिकाम्या कढईचे वजन एका चिठ्ठीवर लिहून ओट्याच्या भिंतीला चिकटवले, भाजीत पडणारे तेल, कूट आणि खोबरे आधी मोजले, भाजी झाल्यावर कढईसकट वजन केले आणि माझ्या वाट्याला आलेल्या भाजीच्या प्रमाणात भागाकार केला. सासूबाईंना प्रारंभी हा प्रकार अन्नाचा अपमान वाटला. पण दोन पळ्यांचा हिशेब ऐकल्यावर त्यांनी स्वतःच्या रक्तदाबाचा विचार करून एक पळी कमी केली, आणि तो बदल आजही टिकून आहे.

सर्वांत मोठी गळती नारळात निघाली. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे साडेतीनशे कॅलरी असतात, आणि वाटणात, भाजीवर, सोलकढीत मिळून ते दिवसाला किती जाते याचा अंदाज मालवणी स्वयंपाकघरात कोणालाच नसतो. खोबरे कीटोला चालते, म्हणून मी त्याकडे कधी पाहिलेही नव्हते.

आकडे कुठून घ्यावेत, याबद्दलही सांगायला हवे. ॲपमधल्या अनेक नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, आणि एकाच पनीरचे तीन आकडे मिळतात. मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते वापरले. त्यांत ५२८ पदार्थ आहेत आणि आपल्याकडच्या भाज्या, मासे भेटतात. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात: तिथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, म्हणून तो आकडा ४.१८४ ने भागावा लागतो. आणि कर्बोदकांतून तंतू आधीच वगळलेले आहेत, त्यामुळे ते पुन्हा वजा केले तर कर्बोदके प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. अमेरिकी तक्त्यांत याच्या उलट असते.

महिनाअखेरीला जी सरासरी निघाली ती साडेसतराशे कॅलरींच्या जवळपास होती. वय, उंची आणि वजनावरून शरीराच्या ऊर्जाखर्चाचा अंदाज देणारे, १९९० साली मांडले गेलेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र माझ्या त्या वेळच्या वजनाला लावले, तर हलक्या हालचालीसह दिवसाचा खर्चही साधारण तेवढाच येतो. मग वजन का थांबले, हे वेगळे शोधण्याची गरज राहिली नाही. आहारतज्ज्ञांनी १४०० कॅलरींचे लक्ष्य ठरवले: कर्बोदकांचे १२०, प्रथिनांचे ३०० आणि उरलेले ९८० स्निग्धांशाचे, म्हणजे जेमतेम ११० ग्रॅम. हे एकशे दहा ग्रॅम ऐकायला पुष्कळ वाटतात. पण पनीर, दाणे आणि खोबऱ्यातला स्निग्धांश त्यांतच धरायचा असतो. सकाळच्या कॉफीत तूप घालायची जी टूम मी उचलली होती, ती त्यांनी पहिल्यांदा बंद केली. कीटोमध्ये स्निग्धांश हा पोट भरण्यापुरता घ्यायचा, तो पूर्ण करायचा कोटा नव्हे, हे मला तेव्हा नीट कळले. जागा भरून काढायला सोयावडी आली. २५ ग्रॅम कोरड्या वडीत तेरा ग्रॅम प्रथिने असतात आणि कॅलरी नव्वदच्याही आत. वजन पुन्हा उतरू लागले, जरी पहिल्यापेक्षा सावकाश.

मोजण्याची किंमतही आहे आणि ती लहान नाही. मंगळागौरीला किंवा कोणाच्या डोहाळजेवणाला काटा घेऊन जाता येत नाही, आणि घरी परतल्यावर ‘त्यात किती तेल असेल’ असा विचार करत बसणे हे जेवणाइतकेच डोके खाते. ज्यांना खाण्याविषयी पूर्वी कधी आजारपणाच्या पातळीवर गेलेली भीती वा अपराधीपणा होता, त्यांनी हा मार्ग आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरू नये. गणपतीत मी उकडीचा एक मोदक मोजमाप न करता खाल्ला आणि त्या दिवशीचे पान वहीत कोरे ठेवले. सणाचे ताट वहीत येऊ नये, एवढे माझे मत पक्के आहे.

आता मासे-अंडी चालू असतात त्या महिन्यांत मी फक्त तेल, खोबरे आणि सुका मेवा मोजते, बाकी काही नाही. वजन रोज पाहते, पण सात दिवसांची सरासरी तेवढी लिहून ठेवते, कारण एका दिवसाच्या मिठाने काटा किलोभर सरकतो. ही सरासरी महिनाभर हलली नाही तरच पूर्ण हिशेब पुन्हा सुरू करायचा आणि श्रावण लागला की तो पहिल्या दिवसापासून ठेवायचा, असे ठरले आहे. दरम्यान रक्ततपासणीत एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) थोडे वाढलेले निघाल्याने तूप आणखी कमी करून बांगडा वाढवला आहे, आणि पुढच्या तपासणीनंतर रात्री अर्धी ज्वारीची भाकरी घेता येईल का, हे डॉक्टर सांगणार आहेत.