त्रोवसपर्यंतचा प्रवास

आज वाचनाला बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 16 वा अध्याय होता. माझ्या नोकरीचे पुढे काय होणार हे गेले काही महिने कोणीच स्पष्ट सांगत नाही. सध्याच्या संस्थेतील कराराची मुदत वाढेल की नाही हे अनिश्चित आहे, आणि दुसऱ्या शहरातून आलेला प्रस्ताव स्वीकारायचा तर घरातील वडीलधाऱ्यांची व्यवस्था नव्याने लावावी लागेल. एरवी या अध्यायात माझे लक्ष तुरुंगातील भूकंपाकडे जाते. आज मात्र मी सहाव्या आणि सातव्या वचनांपाशीच थांबले.

येशूची सुवार्ता सांगत फिरणारा प्रेषित पौल आणि त्याचे सोबती फ्रुगिया व गलतीया या प्रांतांतून चालले आहेत. आसियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेकडील रोमी प्रांतात, देवाचे वचन सांगण्यास पवित्र आत्मा त्यांना मना करतो, म्हणून ते बिथुनियाकडे वळू पाहतात. तेथेही येशूचा आत्मा त्यांना जाऊ देत नाही. अखेर मुसियाच्या बाजूने ते समुद्रकाठच्या त्रोवसला येऊन पोहोचतात. नकाशावर हे अंतर शेकडो किलोमीटरचे भरते, आणि त्या साऱ्या वाटचालीत त्यांना कळते ते एवढेच की कोठे जायचे नाही. या पुस्तकाचा लेखक लूक याने हा मजकूर दोन-तीन वाक्यांत उरकला आहे. चालणाऱ्यांच्या पायांना तो इतका आटोपशीर वाटला नसणार. सुवार्ता सांगण्यासारखे चांगले काम हाती आहे, त्यासाठी झटणारी माणसे तयार आहेत, आणि तरीही मनाई होते. तिचे कारण त्यांना सांगितले गेले, असे लूक कोठेही लिहीत नाही.

माझ्या प्रार्थनेत मी देवाकडे बहुतेक वेळा माहिती मागत असते, हे येथे ठळकपणे जाणवले. करार वाढेल का, घर बदलावे लागेल का, पुढच्या वर्षी या वेळी मी कोठे असेन, हे सारे आधी कळावे आणि मग विश्वास ठेवावा, असा माझा क्रम असतो. पौलाला पुढचे काही ठाऊक नव्हते, तरी त्या काळात तो देवाच्या मार्गदर्शनाबाहेर होता असे कोणी म्हणणार नाही. दोनदा मिळालेली मनाई हेच तेव्हाचे मार्गदर्शन होते, आणि तिच्यामुळेच तो समुद्रापलीकडच्या मासेदोनिया प्रांताच्या समोरच्या किनाऱ्यावर येऊन ठेपला.

त्रोवसला रात्री दृष्टान्त झाला तो एकट्या पौलाला. पण मासेदोनियात जाण्याचा निष्कर्ष सर्वांनी मिळून काढला, आणि नेमके तेथूनच लूकचे कथन ‘आम्ही’ या भाषेत सुरू होते. दृष्टान्तावरही बसून विचार करावा लागला, ही गोष्ट मला मोठा धीर देते, कारण मला कधी दृष्टान्त झालेला नाही आणि ज्यांना होतो असे ते सांगतात, त्यांचा मला थोडा हेवाही वाटतो. पुढे मासेदोनियातील फिलिप्पै नगरात काय घडले? दृष्टान्तात मदतीला बोलावणारा एक पुरुष होता; नदीकाठी जिचे अंतःकरण प्रभूने प्रथम उघडले ती जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया नावाची स्त्री होती, आणि तिचे गाव थुवतीरा. थुवतीरा तर त्याच आसियात आहे, जेथे वचन सांगण्यास पौलाला मनाई झाली होती! त्यानंतर छड्यांचा मार आला, तुरुंग आला, पाय खोड्यात अडकले. सगळे सुरळीत होणे हीच योग्य मार्गाची खूण असती, तर त्या रात्री पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी दृष्टान्त खोटा ठरवायला हवा होता.

म्हणूनच प्रार्थनासभेत वारंवार ऐकू येणारे ‘दार उघडले म्हणजे देवाची इच्छा समजावी’ हे वाक्य मला अपुरे वाटते. संदेष्टा योना याफो बंदरात गेला तेव्हा त्याला तार्शीशला जाणारे जहाज तयार मिळाले, भाडे भरायला पैसेही होते. याहून सताड उघडे दार कोणते असेल, आणि तो तर परमेश्वरापासून पळत होता. उलट बाजूने पाहायचे तर पौल करिंथकरांना लिहितो की त्रोवसला एकदा प्रभूमध्ये त्याच्यासाठी दार उघडले होते, तरीही त्याचा सहकारी तीत तेथे भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो तेथील लोकांचा निरोप घेऊन मासेदोनियाला निघून गेला. परिस्थिती काही सांगते हे खरे, पण तिचे सांगणे वचनाशी, मला जवळून ओळखणाऱ्या विश्वासू माणसांच्या सल्ल्याशी आणि प्रार्थनेनंतर मनात जे टिकून राहते त्याच्याशी ताडून पाहावे लागते. तसे ताडून पाहताना हेही लक्षात येते की माझ्या आयुष्यातील फारच थोडा भाग खरोखर अनिश्चित आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखणे, हातातले काम प्रामाणिकपणे करणे, कोणाचे देणे न बुडवणे, यांसाठी वेगळ्या चिन्हाची वाट पाहण्याचे कारण नाही.

या दिवसांत मला सर्वांत जास्त वेळा पाठवले गेलेले वचन म्हणजे यिर्मया 29:11. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव तेथे सांगतो. पाठवणाऱ्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही, पण त्याच्या आधीचे दहावे वचन कोणी पाठवत नाही. इ. स. पूर्व 597 मध्ये यरुशलेमेहून बाबेलास (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रातले हे शब्द आहेत, आणि त्या पत्रात परतीसाठी 70 वर्षांची मुदत दिली आहे. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोन वर्षांत परतीचे आश्वासन देतो; लोकांना तेच आवडले असणार. यिर्मयाचे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. त्यांना सांगितले जाते की घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. अकरावे वचन या सगळ्यानंतर येते, आणि तसे वाचल्यावर ते मला अधिक कठोर, तरीही अधिक भरवशाचे वाटते. करार वाढणार नाही म्हणून सध्याचे काम अर्ध्या मनाने करण्याची जी सूट मी मनातल्या मनात घेऊ पाहत होते, ती या पत्रात मिळत नाही.

तक्रारीला मात्र जागा आहे. स्तोत्र 13 च्या पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो, आणि गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही तीच प्रार्थना तीनदा केली. तेव्हा मीही आज पुन्हा विचारले.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम मला उपयोगी पडतो: मन उदास आणि कोरडे झालेले असताना आधीचा निर्णय बदलू नये. शांत मनाने मी ठरवले होते की दुसऱ्या संस्थेचा प्रस्ताव पूर्ण माहिती घेऊनच स्वीकारायचा किंवा नाकारायचा. आज दिवसभराच्या थकव्यात मात्र नकाराचे पत्र लिहून तयार झाले आहे. ते पाठवणार नाही. उद्या सकाळी त्यांच्याकडे उत्तरासाठी थोडी मुदत मागेन, आणि रविवारी उपासनेनंतर पाळकांशी व थोरल्या भावाशी बसून घरच्या व्यवस्थेचे बोलेन.