कात्रीनं कापलेला कोपरा

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द संस्थेत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, मी कॅशियर. बाकीचे नोटा मोजताना रक्कम बघतात, माझी नजर नंबरावर जाते. ७७७७७७, १२३४५६, नाहीतर दोन्हीकडून सारखाच वाचता येणारा नंबर दिसला की खिशातली नोट ड्रॉवरमध्ये घालायची आणि ती उचलायची. २००६ पासून दहा, वीस, पन्नासच्या काही नोटांवर नंबरात चांदणी येऊ लागली. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी घातलेली बदली नोट ती. तशा चाळीसेक जमल्यात. घरात याला 'भिकेचे डोहाळे' म्हणतात, ते सोडा.

गेल्या पावसाळ्यात एक आजी काउंटरवर आल्या. ठेव मोडायची होती, पंधरा हजारांची. रताळी विकून साठवलेले पैसे. म्हटलं, "आजी, मुदत संपायला दोनच महिने राहिलेत की ओ."

"खरं आजच पायजेत. नोट इकायची हाय."

पदराच्या गाठीतून पाच रुपयांची नोट निघाली. मागं ट्रॅक्टर, नंबराच्या शेवटी ७८६. नातवानं मोबाईलवर जाहिरात बघितली होती: तीन लाख मिळतात. फोनवरचा माणूस रिझर्व्ह बँकेतला म्हणे. आधी 'जीएसटी' भरायचा, मग पैसे खात्यावर.

नोट खरीच होती. ७८६ पवित्र मानून जपणारे पुष्कळ, त्यामुळं कोरी नोट असेल तर चार पैसे जास्त मिळतातही. पण ही धुतलेल्या फडक्यासारखी मऊ, आणि ट्रॅक्टरवाल्या नोटा काही दुर्मिळ नाहीत. मी नातवाला फोन लावायला सांगितलं, स्पीकरवर. विचारलं, "सही कुठल्या गव्हर्नरची पायजे? नंबराच्या मागचं फिकट अक्षर कुठलं?" खरा घेणारा आधी हेच विचारतो, आणि घडी पडलीय का ते. पलीकडचा म्हणाला, "सर, पहले चार्ज भरिए." पुन्हा विचारलं तर फोन कट.

जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही, आपल्या नावानं कोणी कमिशन, कर मागितला तर देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. ते मी आजींना दोनदा सांगितलं. त्यांना ते कितपत पटलं कोण जाणे. नातू मात्र खाली मान घालून बसला.

ठेव राहिली. आजी उठता उठता म्हणाल्या, "मग ही तरी चालतीया काय बगा," आणि दहाची एक नोट पुढं सरकवली.

हातात घेतली आणि माझं मोजणं थांबलं. उजव्या कोपऱ्यात तिरकी घडी, जुनी, पक्की. त्या कोपऱ्याची कड बाकीच्या कडांसारखी सरळ नव्हती, किंचित नागमोडी होती. कापणी यंत्राखाली जाताना कागदाचा कोपरा दुमडलेला राहिला की तेवढा भाग कापायचा सुटतो. घडी उलगडली की नोटेला कान फुटल्यासारखा जादा तुकडा बाहेर येतो. अशी नोट मी आजवर फोटोतच बघितलेली.

"आजी, इथं कागद जास्त होता काय?"

"होय की. दुकानदार घेईना झाला, फाटकी म्हणून. मग मीच कात्रीनं कापलो. नीट झाली नव्हं?"

"आणि तो तुकडा?"

"चुलीत घातलो."

शेजारच्या क्लार्कला काही कळेना, मी असा का बसलोय. नोट मागून घ्यावी असं वाटलं, पण कापलेल्या कोपऱ्याची ती कोण घेणार, आणि मी तरी माझ्या नोटांच्या वहीत काय लिहिणार? परत दिली. म्हटलं, "चालतीया, आजी."

बाहेर पाऊस लागला होता. त्या समोरच्या टपरीवर गेल्या, नातवाला चहा सांगितला आणि तीच दहाची पुढं केली. टपरीवाल्यानं न बघताच गल्ल्यात टाकली.