एकच गाठ, दोन रिपोर्ट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "मॅडम, आईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ एकच. एका लॅबने ईआर निगेटिव्ह दिलं. तोच ब्लॉक, म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, दुसरीकडे नेला तर पॉझिटिव्ह आलं. खरं कुणाचं मानायचं?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा वेळी माझा कल पॉझिटिव्हकडे असतो, पण दोन्ही स्लाइड बघितल्याशिवाय मी तसं म्हणत नाही. का, ते सांगते.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पेशीच्या केंद्रकात असणारं एक प्रथिन. कॅन्सरच्या पेशींमध्ये ते असेल तर ती गाठ वाढण्यासाठी इस्ट्रोजेनवर अवलंबून असण्याची शक्यता मोठी. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी नेमकी तिथेच आडवी येते. अशा रुग्णांनी ५ वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं, तर स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही मिळते. रिपोर्ट चुकून निगेटिव्ह आला, तर ती त्या बाईला दिलीच जात नाही. म्हणून या एका तपासणीबद्दल मी इतकी हट्टी आहे.

हे प्रथिन शोधायला आम्ही अँटिबॉडी वापरतो, म्हणजे नेमकं त्यालाच जाऊन चिकटणारं दुसरं प्रथिन. शिकागोमध्ये एलवुड जेन्सन यांनी आधी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून रिसेप्टरचा माग काढला होता. १९८० साली जेफ्री ग्रीन आणि जेन्सन यांच्या गटाने त्याच्याविरुद्धच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी तयार केल्या. आज लॅबमध्ये १डी५, ६एफ११, एसपी१ अशा नावांचे क्लोन, म्हणजे या अँटिबॉडीचे वेगवेगळे वाण, असतात. मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप घ्यायचा. नमुना टिकावा म्हणून तो आधी फॉर्मलिन या रसायनात ठेवलेला असतो; त्यामुळे प्रथिनं एकमेकांत जखडलेली असतात, ती मोकळी करायला काप बफर नावाच्या द्रावणात तापवायचा. बऱ्याच लॅब त्यासाठी चक्क प्रेशर कुकर वापरतात. मग अँटिबॉडी, मग रंग. रिसेप्टर असलेली केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात. किती टक्के केंद्रकं तपकिरी झाली आणि रंग किती गडद आहे, हे रिपोर्टमध्ये लिहायचं.

यात अँटिबॉडीच दगा देते का? देऊ शकते. याच रिसेप्टरचा बीटा नावाचा एक भाऊबंद १९९६ साली सापडला. त्याच्यावर वर्षानुवर्षं संशोधन छापून आलं, आणि २०१७ साली स्वीडनमधल्या गटाने १३ अँटिबॉडी कसून तपासल्या तेव्हा ऊतींच्या तपासणीत नेमकं बीटालाच धरणारी एकच निघाली. तुमच्या रिपोर्टमधला ईआर मात्र अल्फा असतो, आणि त्याचे नेहमीच्या वापरातले क्लोन चांगले पारखलेले आहेत. आमच्याकडे घोटाळा होतो तो बहुतेकदा अँटिबॉडी नमुन्यापर्यंत पोचायच्या आधीच.

गाठ शरीरातून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रथिनं खराब व्हायला लागतात. ती तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये पडायला हवी आणि ६ ते ७२ तास तिथे राहायला हवी. फॉर्मलिन साधारण तासाला एक मिलिमीटर आत शिरतं. आता अख्खा स्तन न कापता एका लहान बरणीत कोंबला, वर बोटभर फॉर्मलिन ओतलं, आणि ती बरणी पिशवीत घालून रुग्णाच्या भावाला एसटीने शहरातल्या लॅबकडे पाठवलं, तर मधली गाठ पोचेपर्यंत कशी राहील? कधी फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्येही नमुने येतात. गेलेलं प्रथिन जगातली कोणतीही अँटिबॉडी परत आणू शकत नाही. नातेवाइकांच्या हाती बरणी देऊन मोकळं होण्याची ही रीत मला अजिबात मान्य नाही.

लॅबमध्येही चुका होतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळातले नमुने पुन्हा तपासावे लागले आणि जवळपास ४०० रुग्णांचे रिपोर्ट चुकीचे निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशीचा अहवाल २००९ साली आला. कित्येक बायका तोवर हयात नव्हत्या.

याला आमच्याकडे एक साधी राखण आहे. गाठीच्या शेजारी बहुतेकदा निरोगी दूधनलिका असतात, आणि त्यांच्या काही पेशींत ईआर असतोच. त्या तपकिरी झाल्या आणि गाठ निळीच राहिली, तर निगेटिव्हवर भरवसा ठेवता येतो. त्याही निळ्याच राहिल्या, तर तपासणी फसली आहे आणि तो रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून बाहेर जाताच कामा नये.

आणखी एक कारण निव्वळ मोजणीचं आहे. पूर्वी अनेक ठिकाणी १० टक्क्यांखाली निगेटिव्ह म्हणत. २०१० पासून १ टक्का पुरतो. २०२० पासून १ ते १० टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहितात, कारण अशा गाठींना गोळीचा फायदा किती, याचा पुरावा तोकडा आहे. म्हणून नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वाचू नका, टक्के बघा.

तेव्हा दोन रिपोर्ट वेगळे आले तर दोन्हीकडच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. तुम्हाला तो हक्क आहे. एकाच पॅथॉलॉजिस्टला दोन्ही दाखवा आणि विचारा, "निरोगी नलिका रंगल्यात का?" ऑपरेशनचा नमुना नीट राखला गेला नसेल, तर आधीच्या सुईच्या बायॉप्सीचा ब्लॉक शोधा. तो तुकडा बारीक असतो, फॉर्मलिन त्यात लवकर मुरतं, आणि पुष्कळदा खरं उत्तर त्याच्यातच मिळतं. ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर सर्जनना आजच विचारून ठेवा: नमुना कापून, त्याच्या दहापट फॉर्मलिनमध्ये, लगेच कोण टाकणार आहे?