तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाशी दिवसाला किती बोलायचं?

आकडा मी सांगणार नाही. उर्मट वाटते, ठाऊक आहे. पण "तुम्ही लहान मुलांच्या भाषेवर संशोधन करता ना?" असं म्हणून समोरच्यानं श्वास घेतला, की पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येतो: दिवसाला साधारण किती बोलायला हवं? किती तास? ते शब्द मोजणारं अ‍ॅप घेऊ का?

आकड्याचा हट्ट आला कुठून, तेही सांगते. तीन कोटी शब्दांची ती गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचलेली असते. हार्ट आणि रिझली या अमेरिकी संशोधकांनी 1995 साली ती मांडली. कॅन्ससमधली 42 कुटुंबं, दर महिन्याला तासभराचं रेकॉर्डिंग. सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं त्यात फक्त 6. त्या तासांचा गुणाकार करून चार वर्षांचा हिशेब मांडला आणि सुखवस्तू घरातलं मूल गरीब घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द जास्त ऐकतं, असा निष्कर्ष जगभर फिरला. 2019 मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच पाच समुदायांत मोजलं, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. मग वाद पेटला, की घरात आपापसात चाललेलं बोलणं मुलाच्या खात्यात धरायचं की नाही. तो वाद मला आवडतो. तुम्हाला मात्र त्यातला फक्त आकडा हवा असतो.

माझ्या चिडीमागे एक प्रसंग आहे.

दीड वर्षाचा मुलगा. कान तपासलेले होते, ठीक होते. शब्द एकही नाही. "त्याच्याशी भरपूर बोला," असं आईला कुणीतरी बजावलं होतं आणि ती बोलत होती. भरपूर म्हणजे अखंड. आम्ही दोघांचा खेळतानाचा व्हिडिओ घेतला. असे व्हिडिओ आम्ही नंतर सेकंदासेकंदानं तपासतो: मुलानं कुठे पाहिलं, आवाज कधी केला, आईनं त्यावर काही केलं का, आणि केलं तर किती वेळात.

त्यात आई ठोकळ्यांचे रंग सांगतेय. हा लाल, हा निळा, निळा कुठे ठेवूया? मुलाच्या हातात आहे ठोकळ्यांच्या डब्याचं गोल झाकण. त्यानं ते फरशीवर गरकन फिरवलं. झाकण थरथरत आडवं पडलं, तसं त्यानं आईकडे पाहिलं आणि आवाज केला, "अं?" शेवटाला चढणारा, अगदी प्रश्नासारखा. आई म्हणाली, "आता पिवळा घेऊ." त्यानं पुन्हा फिरवलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा "अं?" "पिवळा कुठे गेला बरं?" तिसऱ्यांदा झाकण पडलं तेव्हा त्यानं वर पाहिलंच नाही.

हा तुकडा मी तिला दाखवला. व्हिडिओ सोबत बसून बघणं ही आमच्याकडची रुळलेली पद्धत आहे. उपदेशाचा एक शब्द न वापरता पालकांना आपलं मूल काय सांगतंय ते दिसतं. तिलाही दिसलं. तिनं आवाज बंद करायला लावला आणि तो तुकडा पुन्हा पाहिला. मग स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "मॅडम, मी बोलत होते म्हणून तो बोलत नाहीये का?"

मी "नाही" म्हणाले. एका व्हिडिओवरून कारण ठरवता येत नाही. उलटंही असू शकतं: मूल गप्प असतं म्हणून ती शांतता भरून काढायला आई जास्त बोलते. हे सगळं मी नीट, सावकाश सांगितलं.

"पण तुम्ही दाखवलंत ते त्यासाठीच ना?"

पुढच्या वेळी ते आले नाहीत. फोन केला तर मुलाचे वडील म्हणाले, "ती आता त्याच्यासमोर तोंड उघडायलाच घाबरते." आवाजात राग नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखं. तो मुलगा पुढे कधी बोलू लागला, मला कळलेलं नाही.

असा तुकडा मी आजही दाखवेन. कित्येक घरांत त्यानं फरक पडलेला मी पाहिलाय. हे मी ठामपणे म्हणते, आणि म्हणता म्हणताच त्या वडिलांचं वाक्य आठवतं. 1967 साली ब्रूनो बेटेलहाइम या तेव्हाच्या नावाजलेल्या बालमानसतज्ज्ञानं ऑटिझमचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं होतं. त्याला आम्ही वर्गात मनसोक्त नावं ठेवतो. व्हिडिओ तपासताना आम्ही ज्यात नोंदी करतो, त्या तक्त्यातही एक रकाना असतो, आईच्या प्रतिसादाचा. फरक आहे, मोठा आहे. त्या आईला तो जाणवला असेल का, ते मी सांगू शकत नाही.

(मला मूल नाही. हाही प्रश्न येतोच, म्हणून सांगून टाकते.)

तरीही प्रतिसादाबद्दल मी बोलते, कारण पुरावा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. 2003 मध्ये गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी आठेक महिन्यांच्या बाळांच्या आयांना हेडफोन दिले. बाळानं आवाज काढला की सूचना यायची: हसा, जवळ सरका, हात लावा. बोलायचं नव्हतं. त्या थोड्याशा वेळात बाळांचे आवाज अधिक सुघड, अक्षरांसारखे होऊ लागले. दुसऱ्या गटातल्या आयाही तेवढंच हसल्या, तेवढाच स्पर्श केला, पण भलत्याच वेळी. त्या बाळांत तसा बदल झाला नाही. सांगा, यात किती शब्द मोजाल?

इथे थांबले असते तर माझं व्याख्यान छान संपलं असतं. पण मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या त्सेल्ताल माया या आदिवासी समाजाच्या एका गावात कासियास आणि सहकाऱ्यांनी मोजलं (2020), तर लहानग्यांना उद्देशून होणारं बोलणं तासाला चार मिनिटांहूनही कमी निघालं. तिथली मुलं आवाजांपासून शब्दांपर्यंतचे टप्पे इतरांच्याच सुमारास गाठतात. मग प्रतिसाद, प्रतिसाद म्हणून आम्ही जो घोष करतो, तो माणसाच्या मुलाबद्दल आहे की आम्ही ज्या घरांत कॅमेरे लावले त्यांच्याबद्दल? दहा वर्षांपूर्वीची मी म्हणेल, "अगं, निदान आकड्यामुळे लोक मुलांशी बोलायला तरी लागले." तिला खोडून काढायला माझ्याकडे पुरेसं काही नाही. गप्प बसवायची इच्छा मात्र आहे.

पक्कं सांगण्यासारखं एवढंच आहे. दोन वर्षांचं होऊनही मूल पन्नासेक शब्द बोलत नसेल किंवा दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. जन्मल्यावर चाचणी झाली होती म्हणून सोडू नका. कानात पाणी साठून नंतरही ऐकू कमी येतं. कान ठीक निघाले तर वाचातज्ज्ञांना दाखवा, "थांबा, बोलेल" म्हणणाऱ्या नातेवाइकांना नंतर उत्तर देता येईल. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. शब्दांचा कोटा त्यांना चालला असता, तपासणी नको असते. पण ऐकूच नीट येत नसेल, तर दिवसाला दहा हजार शब्द बोललात काय आणि वीस हजार काय?