वूलवर ठेवली होती इस्त्री

मी क्रोशाचं काम करते, घरूनच. बाळांची ब्लँकेटं, टोप्या, बॅगा, अधूनमधून बाहुल्या. वर्षभर तसं निवांत चालतं पण सुट्ट्या लागल्या की दोन्हीकडून घेरलं जातं, म्हणजे लोकांना भेटवस्तू द्यायच्या असतात म्हणून ऑर्डरी तेव्हाच येतात आणि मुलं पण तेव्हाच दिवसभर घरात. बरं, घरात बसून काम करणारी बाई ही कामात आहे असं कुणालाच वाटत नाही. हातात सुई दिसली की तर नाहीच नाही, उलट आई बसलीये म्हणजे रिकामी आहे, चला तिला काहीतरी विचारू. खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, मोजताना मला मध्येच कुणी हाक मारली की आकडा गेलाच, मग परत पहिल्यापासून मोजा.

तर त्या दिवसाचं सांगते. एका बाईंनी भाचीसाठी ब्लँकेट सांगितलं होतं, ग्रॅनी स्क्वेअरचं, म्हणजे मधून सुरू करून भोवती फेऱ्या घालत वाढवलेले चौकोन, आडवे 6 उभे 8 असे 48. प्रत्येक चौकोन पाच फेऱ्यांचा, आतले रंग वेगवेगळे आणि शेवटची फेरी सगळ्यांना क्रीम. मग क्रीमनेच सगळे चौकोन शिवून जोडायचे आणि भोवती क्रीमचीच बॉर्डर. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, पहिल्या फेरीत 12 खांब असतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत 12 वाढत जातात, पाचव्या फेरीला 60. हात बसला असला तरी एका चौकोनाला अर्धा तास जातोच. त्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला न्यायला येणार होत्या आणि तिथूनच थेट प्रवासाला निघणार होत्या, त्यामुळे संध्याकाळी या ना, एक दिवस थांबा ना, असलं काही म्हणायची सोयच नव्हती.

बॉर्डर आदल्या रात्री एक वाजता संपली. सकाळी उठून ओलं केलं आणि चौकोन सरळ दिसावेत म्हणून टाचण्या लावून वाळत घातलं. आता हे मी ज्याच्यावर पसरते ती मॅट खरं तर धाकट्याची, ते फोमचे तुकडे असतात ना एकमेकांत अडकवायचे, ते. शाळा असते तेव्हा प्रश्न येत नाही. त्या दिवशी साहेब मॅट मागायला आले आणि मी नाही म्हटलं.

मग जे व्हायचं तेच झालं. मी आत ऑर्डरींचं पॅकिंग करत होते, अर्धा तास आवाजच नाही. लहान मुलांच्या घरात आवाज नसला की उठून बघायचं असतं हे मला कळतं, तरी बसून राहिले कारण शांतता बरी वाटत होती. बाहेर येऊन बघते तर दोघांनी मिळून कोळ्याचं जाळं केलेलं, खुर्चीच्या पायापासून दाराच्या कडीपर्यंत, तिथून टेबल, तिथून परत खुर्ची. आणि घेतला कुठला गुंडा तर उरलेला क्रीम! नुसता गुंडाळला असता तर चाललं असतं, ठिकठिकाणी कात्रीने कापून गाठी मारलेल्या. मोठी म्हणाली, आई कोळी पण असंच करतो. मी इतकी ओरडले की नंतर माझाच घसा दुखला. सगळं ओढून काढलं, गोळा करून एका पिशवीत कोंबलं आणि पिशवी कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिली. ब्लँकेट तर झालंय, आता क्रीम काय करायचाय, असा हिशोब.

दुपारी दोन पार्सलं कुरियरला द्यायला बाहेर पडले. नवरा घरी होता, त्याला जाताजाता म्हटलं, ते ब्लँकेट तेवढं वाळलंय का बघ रे.

परत आले तर हा इस्त्रीच्या टेबलाशी, चेहऱ्यावर आपण फार मोठं काम केल्याचं समाधान. म्हणाला, अगं ओलंच होतं अजून, म्हटलं इस्त्रीने वाळवून टाकू. एक कोपरा झालाय, बघ कसं मस्त गुळगुळीत झालंय.

गुळगुळीत झालं होतं खरंच. पण ब्लँकेट होतं अ‍ॅक्रिलिकचं, म्हणजे लोकरीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचं. अ‍ॅक्रिलिकला जास्त उष्णता लागली की तो धागा मरतो, आम्ही मरतो असंच म्हणतो. त्याची फुगीर स्प्रिंगसारखी जान निघून जाते, खांब चपटे होतात, वर एक तेलकट चमक येते आणि ते परत कधीच पूर्वीसारखं होत नाही, धुवा, वाफ द्या, काहीही करा. सहा चौकोन मेले होते आणि त्यांच्या बाजूची बॉर्डर. बोटांना तो भाग ओल्या रुमालासारखा लुळा लागत होता आणि बाकीचं ब्लँकेट पावासारखं मऊ.

मी काही बोललेच नाही. तो म्हणाला, अगं मी नीट बघून केली, वूलवर ठेवली होती इस्त्री!

आता याच्यावर काय बोलणार. इस्त्रीच्या बटणावर वूल म्हणजे दोन ठिपके, साधारण दीडशे डिग्री. अ‍ॅक्रिलिकला एक ठिपका, तो पण भीतभीत, वर कापड टाकून. पण त्याला हे कळणार कुठून? मी स्वतः वर्षानुवर्षं घरात काय म्हणते, माझ्या लोकरीला हात लावू नका, लोकरीची पिशवी कुठंय, लोकर संपली. आपल्याकडे सुतापासून प्लास्टिकपर्यंत गुंडा दिसला की ती लोकरच. माणसाने लोकर ऐकलं आणि वूलवर ठेवली, तर्क शंभर टक्के बरोबर. भांडायला चांगली जागा मिळाली असती पण मला तेवढा पण आधार मिळाला नाही. (नंतर दोन दिवसांनी भांडले, ते वेगळ्याच कारणावरून, पण मनात हेच होतं.)

संध्याकाळचे साडेपाच. हिशोब केला. चौकोन शिवून जोडलेले होते हे नशीब, फेरीतच जोडत जोडत गेले असते तर सगळंच उसवावं लागलं असतं. बॉर्डर पूर्ण उसवायची, मेलेले सहा चौकोन कात्रीने शिवण कापून काढायचे, सहा नवे करायचे, जोडायचे, बॉर्डर परत. आतले रंग होते. क्रीम नव्हता. एका चौकोनाच्या शेवटच्या फेरीलाच साडेतीनेक मीटर जातो, सहांचा धरा वीसएक मीटर, वर शिवणीचा आणि बॉर्डरचा मेलेला भाग. कपाटात क्रीमचा नवा कोरा गुंडा होता पण डाय लॉट वेगळा. लेबलवर रंगाच्या नंबरखाली दुसरा एक नंबर असतो ना, तो. एकाच घाण्यात रंगलेल्या सगळ्या गुंड्यांना तो सारखा असतो, आणि तो बदलला की तोच रंग थोडा पिवळट नाहीतर पांढरट निघतो. गुंडा हातात धरून कळत नाही, शेजारी शेजारी विणलं की लगेच डोळ्यात येतं. एका कोपऱ्यात सहा पिवळट चौकोन म्हणजे ठिगळ लावल्यासारखं दिसणार.

आणि बरोबर लॉटचा सगळा क्रीम कुठे, तर कचऱ्याच्या डब्याशेजारच्या पिशवीत.

मी पिशवी आणून जमिनीवर उलटी केली तेव्हा मोठीने माझ्याकडे असं काही बघितलं ना, विचारू नका. काही म्हणाली नाही पोरगी. मीच म्हटलं, मला हे सोडवून हवंय, सगळं, आणि सकाळी मी जरा जास्तच ओरडले. धाकटा लगेच म्हणाला, खूपच जास्त.

सासूबाईंना रात्रीच्या जेवणाचं बघायचं होतं, पण तो गुंता बघून त्याच खाली बसल्या आणि म्हणाल्या, जेवायचं त्याला सांग, इस्त्री जमते तर तेही जमेल. गेला बिचारा. सासूबाईंचा गुंता सोडवायचा एकच नियम, टोक शोधत बसायचं नाही, आधी सगळा गुंता चहूबाजूंनी सैल करायचा. मुलं ओढायला लागली की हातावर चापट. ओढू नका रे, गाठ आवळते. एकेक तुकडा सुटला की मोठी तो वीतीने मोजायची आणि लांब, मधले, आखूड असे तीन ढीग. खरी लोकर असती तर दोन टोकं ओली करून तळहातावर घासली की एकजीव होतात, अ‍ॅक्रिलिकचं तसं होत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं सुईने आत लपवावी लागणार होती. म्हणून लांब तुकडे चौकोनांना, मधले शिवणीला.

मी मोजत होते आणि कुणी हाक मारत नव्हतं. दोनदा धाकट्याने तोंड उघडलं तर बहिणीनेच त्याला गप्प केलं, थांब, ती साठपर्यंत जाते मग विचार. म्हणजे हिला माहिती होतं. मी कधीच सांगितलं नव्हतं, तिने बघून बघून ओळखलं होतं की साठ झाले की आई श्वास घेते.

मुलं साडेदहाला तिथेच झोपली. सासूबाई बाराला उठल्या. नवरा टोकं लपवायला बसला, मी म्हटलं सुई बोथट आहे, भोसकू नकोस, खांबांच्या आतून सरकव, आधी एका दिशेला मग उलट. पहिली दोन वाईट, नंतरची माझ्यापेक्षा बरी. बॉर्डरला शेवटी दोनेक मीटर कमी पडलाच. तिथे मी दुसऱ्या लॉटचा क्रीम वापरायच्या ऐवजी शेवटची फेरी सरळ राखाडी रंगात केली, चारी बाजूंनी, मुका खांब, म्हणजे बुटका टाका. चूक लपवताना अर्धवट लपवली की दिसते, पूर्ण भोवती फिरवली की डिझाइन होते. पावणेचारला संपलं.

दहाला बाई आल्या. मी त्यांना सांगून टाकलं की फोटोत राखाडी कड नव्हती, घरात एक गडबड झाली म्हणून आलीये, नको असेल तर सांगा. त्यांनी कड हातात घेऊन बघितली, बरी दिसतेय की, म्हणाल्या आणि गेल्या, त्यांची गाडीची वेळ झाली होती.

मेलेले सहा चौकोन टाकायला निघाले होते तर मोठीने मागून घेतले, बाहुलीच्या अंगावर ते छान पडतात म्हणे, जाड चौकोन उभेच राहतात. मग त्या दुपारी एक नवीन टोपी ओली करून वाळत ठेवली होती, त्याच मॅटवर, धाकट्याला विचारून. नवरा आला, लांबून बघितलं, हात मागे बांधून.

ही कशाची आहे, म्हणाला, लोकर म्हणजे लोकर, का तुझी लोकर?